चिऊचं पोट आणि माझं आठ महिन्यांचं पथ्य

१६ फेब्रुवारी २०२३, गुरुवार, पहाटे सव्वापाच. माझी मुलगी चिऊ साडेपाच आठवड्यांची होती. लंगोट बदलताना पिवळ्या शीत आवेसारखं चिकट काहीतरी दिसलं आणि त्यात दोऱ्याएवढी लाल रेघ. मी दिवा लावून पुन्हा पाहिलं. रक्तच होतं. नवऱ्याला उठवलं, आईला उठवलं, आणि तिघं त्या लंगोटाकडे बघत बसलो. चिऊ मात्र शांत, पाय झाडत होती.

त्या दिवशी एक गोष्ट नकळत बरोबर झाली. लंगोट धुवायला टाकण्याआधी नवऱ्याने फोटो काढला. पुढच्या वर्षभरात असे चाळीसेक फोटो जमले आणि प्रत्येक डॉक्टरांनी आमच्या वर्णनापेक्षा त्या फोटोंवर जास्त भरवसा ठेवला. तुमच्या घरी असं काही झालं तर आधी फोटो काढा. तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते.

सकाळी दहाला नाशिकमधल्याच एका बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. तपासणी पाच मिनिटांत झाली. पोटात इन्फेक्शन आहे म्हणून पाच दिवसांचं अँटिबायोटिक सिरप आणि सोबत प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत सूक्ष्मजीवांची पुडी, दिवसातून दोनदा. फी ५०० रुपये, औषधं ६४० रुपयांची. शीची तपासणी सांगितली नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी, महाशिवरात्रीला, चिऊला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. अंगावर पिणारं बाळ दिवसातून आठ-दहा वेळा पातळ शी करतं हे मला माहीत होतं, पण हे वेगळं होतं. मागचा भाग लालभडक झाला, प्रत्येक लंगोटाला ती किंचाळायची. औषध संपलं. रेघ तशीच.

या दिवसांत घरात सल्ल्यांचा पूर आला. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, घुटी द्या, वेखंड-मुरुडशेंगेचे वळसे वाढवा. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट काढा. लांबच्या एका नातेवाईक बाईंनी मात्र मनाला लागणारं वाक्य टाकलं, "तुझं दूधच बाधतंय तिला, डब्याचं चालू कर." चिऊ सिझेरियनची. माझं दूध यायला तीन दिवस लागले होते आणि तेवढे दिवस तिला वरचं दूध दिलं होतं. मनात आधीच खोल कुठेतरी वाटत होतं की सुरुवातच माझ्यामुळे चुकली. त्या वाक्यानंतर दोन रात्री मी तिला पाजताना रडले.

२४ फेब्रुवारीला दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी तिचं वजन केलं. जन्माचं वजन २ किलो ९०० ग्रॅम होतं, ते बऱ्यापैकी वाढलेलं पाहून म्हणाल्या, "बाळ वाढतंय, दूध पितंय, हसतंय. घाबरू नका, पण शोधू या." शीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे शीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, लिहून दिलं. कल्चर अँटिबायोटिकच्या आधी केलं असतं तर जास्त उपयोग झाला असता, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

नमुना नेणं हे एक कामच आहे. डायपर ओलावा शोषून घेतो, त्यामुळे त्यातला नमुना चालत नाही. आम्ही सुती लंगोटात आतून स्वच्छ प्लॅस्टिक घातलं आणि वाट बघत बसलो. त्यात शू मिसळली तर पुन्हा पहिल्यापासून. दोनदा फसलो, तिसऱ्यांदा जमलं. डबी लॅबमधूनच आणायची, त्यावर नाव आणि वेळ लिहायची, आणि तासाभरात पोचवायची. साध्या तपासणीचे १५० रुपये, कल्चरचे ९००. साध्या तपासणीत पांढऱ्या पेशी थोड्या आणि तांबड्या पेशी दिसल्या. कल्चरचा अहवाल तीन दिवसांनी आला, त्यात रोगजंतू काही सापडले नाहीत. डॉक्टरांनी पुण्याच्या, लहान मुलांच्या पचनसंस्थेच्या तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. फोन केला तर पहिली मिळणारी तारीख ९ मार्च. तोवर वाट बघायची.

अशा रिकाम्या दिवसांत माणूस वाचत बसतो. मी मध्यरात्री पाजताना मोबाइलवर वाचायचे. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत, त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या बिफिडो जिवाणूंसाठी, हे वाचून मी थक्क झाले. आपण एका बाळाला पाजतोय असं वाटतं, आणि खरं तर त्याच्या पोटातल्या अख्ख्या वस्तीला जेवायला घालत असतो. सिझेरियनने जन्मलेल्या बाळांमध्ये ही वस्ती सुरुवातीला वेगळी असते, हेही वाचलं आणि पुन्हा खचले. मग ओडिशातल्या खेड्यांमधला अभ्यास सापडला. २०१७ साली प्रसिद्ध झालेला, साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांचा. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत सात दिवस लॅक्टोबॅसिलस गटातला एक जिवाणू आणि त्याचं खाद्य म्हणून एक शर्करा दिली, तर जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. आपल्या देशातली, आपल्यासारख्या घरांतली बाळं. मला वाटलं, उत्तर सापडलं.

योगायोगाने दुबईची मावशी आली होती, तिने बाळाच्या पोटासाठीचे म्हणून प्रोबायोटिक थेंब आणले होते. १ मार्चपासून मी ते रोज पाच थेंब द्यायला लागले. कुणाला विचारलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

९ मार्चला पहाटे चारला निघून सव्वानऊला पुण्यात पोचलो. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं. नोंदणी खिडकीवर बाळाचं नाव विचारलं. जन्मदाखल्यावर नाव अजून घातलं नव्हतं, विम्याच्या यादीत मात्र तिचं ठरलेलं नाव होतं, आणि डिस्चार्ज कार्डावर ‘बेबी ऑफ’ आणि माझं नाव. खिडकीवरच्या ताईंनी शांतपणे ‘बेबी ऑफ’वरच कार्ड काढून दिलं, पण सांगितलं की पुढे भरती वगैरे करायची वेळ आली तर तिन्ही कागदांवर एकच नाव लागेल. जन्मदाखल्यात बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. आम्ही परत आल्याच्या आठवड्यात महापालिकेत जाऊन ते केलं. तसंही बाह्यरुग्ण विभागाचा खर्च आमच्या विम्यात बसत नव्हताच. नोंदणीचे १५० आणि तज्ज्ञांचे ९०० खिशातून गेले. आत बोलावलं दुपारी पावणेदोनला. पाजायला आडोशाची जागा हॉस्पिटलमध्ये होती, ती सकाळीच विचारून ठेवा, नाहीतर तीन तास जिन्यात काढाल.

डॉक्टरांनी सर्वांत आधी चिऊच्या गुदद्वाराशी चीर आहे का ते पाहिलं. बाळांच्या शीत रक्त दिसण्याचं ते फार साधं आणि नेहमीचं कारण असतं. तशी चीर नव्हती. मग पोट दाबून पाहिलं, फोटो एकेक करून पाहिले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही काय खाता?"

मी सांगायला लागले. सकाळी दूध आणि डिंकाचा लाडू. अकराला अळिवाची खीर. जेवणात वरणावर, भाकरीवर तूप, वाटीभर दही. संध्याकाळी चहा. रात्री हळद घालून पेलाभर दूध. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आई आणि सासूबाई दोघी जीव ओतून करत होत्या. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, महाराष्ट्रातली प्रत्येक बाळंतीण मला हेच सांगते."

त्यांचा अंदाज होता गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी. मी खाल्लेल्या दुधातलं थोडं प्रथिन माझ्या दुधातून चिऊपर्यंत पोचतं आणि तिच्या मोठ्या आतड्याचं अस्तर त्याने सुजतं. माझ्या मनातला गोंधळ त्यांनी तिथेच सोडवला. हा लॅक्टोज न पचण्याचा प्रकार नाही. लॅक्टोज ही साखर आहे, ती आईच्या दुधात असतेच, आईने दूध सोडल्याने ती कमी होत नाही. इथे प्रश्न प्रथिनाचा आहे. म्हैस आणि शेळीच्या दुधातली प्रथिनंही जवळची, म्हणून तीही बंद. रक्ताची किंवा त्वचेवरची अ‍ॅलर्जी तपासणी या प्रकारात काही सांगत नाही. मी दूध पूर्ण सोडायचं, दोन ते चार आठवडे बघायचं, आणि थांबलं तर मुद्दाम पुन्हा दूध पिऊन खात्री करायची, हीच तपासणी. अंगावरचं पाजणं थांबवायचं नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर माझा श्वास मोकळा झाला.

हिरवी उलटी, फुगलेलं कडक पोट, ताप, बाळ मलूल होणं, खूप रक्त किंवा जॅमसारखी शी, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जायचं, हे कागदावर लिहून दिलं. तो कागद वर्षभर आमच्या फ्रिजवर होता. मला कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, चिऊला ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू ठेवायचे. घुटी बंद. "आणखी काही देताय का बाळाला?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. प्रोबायोटिकचे थेंब माझ्या हिशेबात औषध नव्हतेच.

घरी येऊन हे आईला सांगणं सगळ्यांत अवघड होतं. तिने किलोभर साजूक तुपात डिंकाचे लाडू केले होते, दोन डबे अजून भरलेले होते. ती काही बोलली नाही. डबे उचलून शेजारी देऊन आली आणि दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या तेलात डिंक तळायला घेतला. खोबरं, खारीक तेच, गुळाचा पाक करून लाडू वळले. थोडे कडक झाले, पण झाले. अळिवाची खीर गेली, तिच्या जागी नारळाच्या पाण्यात अळीव भिजवून ओल्या खोबऱ्याचे लाडू आले, कोकणात करतात तसे. नाचणीची भाकरी रोज, कारण १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, राजगिरा. तूपही बंद, कारण त्यात प्रथिनाचे अंश राहू शकतात. चहा कोरा. पहिले चार दिवस डोकं दुखलं, मग सवय झाली.

खरा त्रास विकतच्या पदार्थांचा. बिस्किटांच्या पाकिटावर घटकांमध्ये ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’ असे शब्द असतात, म्हणजे दुधाचेच भाग, आणि खाली जाड अक्षरांत अ‍ॅलर्जीची सूचना असते. आधी ती सूचना वाचायची, वेळ वाचतो. बेकरीतल्या सुट्या टोस्ट आणि पावावर काहीच लिहिलेलं नसतं, ते सरसकट बंद केले. लग्न-बारशाचं जेवण बंद. डबा घेऊन जायचे.

इतकं सगळं करून २० मार्चला, अकराव्या दिवशी, पुन्हा रेघ. आधीपेक्षा ठळक. त्या रात्री मी पार कोसळले. इतकं सोडलंय, अजून काय सोडू? नवरा वही घेऊन बसला आणि म्हणाला, तिच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहू. माझं दूध. ड जीवनसत्त्व. आणि ते थेंब. बाटलीचं खोकं कपाटात मागे होतं. त्याच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत अ‍ॅलर्जीच्या सूचनेत लिहिलं होतं: दूध.

सकाळी डॉक्टरांना मेसेज केला, खोक्याचा फोटो पाठवला. त्यांचा दुपारी फोन आला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, काही प्रोबायोटिक जिवाणू दुधाच्या माध्यमात वाढवतात, त्याचे अंश उरतात. सगळ्यांत असं नसतं, पण वाचल्याशिवाय कळत नाही. मी ओडिशाच्या अभ्यासाचं बोलले. त्यांनी समजावून सांगितलं ते मी तेव्हाच वहीत उतरवलं. तो अभ्यास पूर्ण दिवसांच्या किंवा जवळपास तेवढ्या, दोन किलोंच्या वरच्या नवजात बाळांवर होता, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी. त्यातला जिवाणू लॅक्टोबॅसिलस प्लांटारम, आणि त्यातही एक ठराविक स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार. माझ्या बाटलीतला रॉयटेरी. त्याच्या एका स्ट्रेनचा अंगावर पिणाऱ्या बाळांच्या पोटदुखीच्या रडण्यात थोडा उपयोग दिसला आहे, डब्याच्या दुधावरच्या बाळांत तो तसा दिसला नाही. चिऊ रडकी नव्हतीच. पहिल्या पुडीत होतं सॅकरोमायसिस बुलार्डी, म्हणजे जिवाणू नव्हे, यीस्ट. ते अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी देतात. "प्रत्येक नावाचं काम वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "ताप आला तर घरातली कुठलीही गोळी देता का? तसंच हे." आणि कमी दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळाला हे घरच्या घरी कधीच द्यायचं नाही, कारण त्यांच्यात हेच जिवाणू रक्तात शिरून आजारी करू शकतात.

मला सर्वांत आश्चर्य वाटलं ते साध्या जुलाबांबद्दल. २०१८ साली अमेरिका आणि कॅनडातल्या लहान मुलांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, उलट्या-जुलाबांसाठी प्रोबायोटिक दिलेली आणि न दिलेली मुलं सारख्याच वेगाने बरी झाली. आपल्याकडे जुलाब म्हटलं की कुपी किंवा पुडी ठरलेली. ओआरएस आणि झिंक मात्र कुणी विसरू नये, असं त्या आवर्जून म्हणाल्या.

थेंब २१ मार्चला बंद केले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. सासूबाईंनी कुणासाठीच श्रीखंड केलं नाही. पुरणपोळ्या तेलावर भाजल्या आणि नारळाच्या दुधासोबत वाढल्या. मी काही बोलू शकले नाही. २५ मार्चला शेवटची फिकट रेघ दिसली. २६ पासून स्वच्छ.

१० एप्रिलला व्हिडिओवरून तपासणी झाली, ६०० रुपये. आता मुद्दाम दूध प्यायचं. मला नको वाटत होतं. बरं चाललंय ना, मग कशाला? डॉक्टर म्हणाल्या, खात्री न करता वर्षभर पथ्य पाळणं तुमच्यावर अन्याय आहे, कदाचित ते आपोआपही थांबलं असेल. १३ एप्रिलपासून रोज एक पेला दूध. दोन दिवस काही नाही. १५ तारखेला संध्याकाळी रेघ आली. निदान पक्कं झालं. दूध पुन्हा बंद, आणि पाच दिवसांत सगळं शांत. किमान सहा महिने, आणि ती नऊ महिन्यांची होईपर्यंत असंच.

यानंतरचे महिने भराभर गेले. २६ जूनला रजा संपली, ऑफिसात रेकॉर्ड रूमच्या कोपऱ्यात पडदा लावून दूध काढायचे. पंप ४,२०० रुपयांचा. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. बाटलीवर तारीख लिहायची. ९ जुलैला सहा महिने झाल्यावर वरचं अन्न: नाचणीचं सत्त्व पाण्यात शिजवून, मुगाची मऊ खिचडी तेलावर, भोपळा, केळं, मग अंडं आणि पातळ केलेलं शेंगदाण्याचं कूट. हे पदार्थ अ‍ॅलर्जीच्या भीतीने लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गणपतीत उकडीचा मोदक मी तुपाशिवाय खाल्ला, चिऊने सारण चाटलं.

९ ऑक्टोबरला नऊ महिने. आधी मी. वरणावर अर्धा चमचा तूप, चार दिवसांनी चहात दूध, मग दही. २८ ऑक्टोबरला कोजागिरी होती, त्या रात्री ग्रहणही होतं, म्हणून आम्ही संध्याकाळीच मसाला दूध आटवलं. सात महिन्यांहून जास्त काळानंतर, एप्रिलचे ते तीन दिवस सोडले तर, मी पेलाभर दूध प्यायले. पुढचे चार दिवस प्रत्येक लंगोट उजेडात नेऊन पाहिला. काही नाही.

नोव्हेंबरपासून चिऊची पायरी-पायरीने सुरुवात. आमच्या प्रकारात हे घरी करायला डॉक्टरांची परवानगी होती. ज्या बाळांना दूध पोटात जाताच अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, सारखी उलटी होते, त्यांनी घरी करू नये. पहिली पायरी, दूध घालून भाजलेलं घरचं बिस्किट, चिमूटभर. भट्टीच्या उष्णतेत पिठासोबत दुधाचं प्रथिन बरंचसं बदलतं, म्हणून तिथून सुरुवात. मग अख्खं बिस्किट, मग दुधातली धिरडी, मग शिजवलेलं पनीर. प्रत्येक पायरीवर निदान आठवडा. एकदा सर्दी-तापात थांबलो, पुन्हा दोन पायऱ्या मागून सुरुवात केली. एका वेळी एकच नवी गोष्ट. हे मात्र मी त्या थेंबांनंतर कधी मोडलं नाही.

४ फेब्रुवारी २०२४, रविवार. सासूबाईंनी आदल्या रात्री विरजण लावलं होतं. सकाळी मऊ भात कुस्करला, त्यात दोन चमचे दही, किंचित मीठ. चिऊने पहिला घास तोंडात फिरवला, आंबट लागल्यावर डोळे मिटले, आणि मग वाटीकडे हात पसरला. आईने लगेच दुसरा घास केला. मी लंगोटाचे फोटो ठेवलेला फोल्डर उघडून त्यात त्या दिवशीची तारीख टाकली आणि पुढचे तीन दिवस फोटो काढत राहिले. पिवळी शी, पिवळी शी, पिवळी शी.